बिनतारी मेश नेटवर्क : कार्यपद्धती, लाभ आणि विठ्ठलवाडी–बदलापूर पट्टा

प्रस्तावना

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसाच्या मुंबईचे वर्णन पुष्कळ झाले आहे. कल्याणच्या पलीकडील पट्ट्याविषयी त्या मानाने कमी लिहिले गेले. उल्हास नदी फुगली, तिच्याकडे वाहणाऱ्या वालधुनीचे पाणी पुढे सरकेनासे झाले आणि कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. लोकल गाड्या थांबल्या, वीज गेली आणि त्यामागोमाग दूरध्वनी व भ्रमणध्वनीही ठिकठिकाणी अबोल झाले. मुंबईस नोकरीला गेलेला माणूस कोठे अडकला आहे हे कळण्यास कित्येक घरांना तो माणूस रुळांवरून चालत परत येईपर्यंत वाट पाहावी लागली.

अशा प्रसंगी संदेशवहन बंद पडण्याचे कारण यंत्रे मोडणे एवढेच नसते. पुष्कळदा यंत्र शाबूत असते. परंतु त्याला वीज पुरवणारी वाहिनी किंवा त्याला मध्यवर्ती केंद्राशी जोडणारा एकमेव दुवा तुटलेला असतो. दोष यंत्राचा कमी आणि जोडणीच्या रचनेचा अधिक. ही रचना बदलली तर काय घडेल, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून बिनतारी मेश नेटवर्ककडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या नेटवर्कची कार्यपद्धती स्पष्ट केली असून त्याचे सांगितले जाणारे लाभ विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात कितपत पदरात पडू शकतात, याचा विचार केला आहे. ‘मेशमध्ये एक दुवा तुटला तरी दुसरा मार्ग असतोच’ हे विधान पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळते. ते खरे आहे. मात्र दुसरा मार्ग पहिल्या मार्गाच्याच कारणाने तुटणारा नसावा, ही अट त्यासोबत क्वचितच सांगितली जाते.

झाड आणि जाळी

घरातील किंवा महाविद्यालयातील नेहमीच्या वाय-फाय व्यवस्थेत एक राउटर मध्यभागी असतो आणि सर्व संगणक थेट त्याच्याशी बोलतात. दोन संगणक एकाच टेबलावर असले तरी त्यांचा परस्परांतील संवाद राउटरमार्फतच होतो. भ्रमणध्वनीची व्यवस्थाही तत्त्वतः अशीच आहे : हातातील संच मनोऱ्याशी, मनोरा पुढील केंद्राशी आणि ते केंद्र त्याहून मोठ्या केंद्राशी जोडलेले. ही रचना झाडासारखी असते. पानापासून खोडापर्यंत एकच वाट असते आणि फांदी मोडली की तिच्यावरील सर्व पाने एकदम तुटतात.

मेश या शब्दाचा अर्थ जाळी. कोळ्याच्या जाळ्यात प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींशी बांधलेली असते आणि एखादा धागा तुटल्याने जाळे निकामी होत नाही. मेश नेटवर्कमधील प्रत्येक गाठीला नोड म्हणतात. नोड म्हणजे सामान्यतः अँटेना जोडलेला एक छोटा राउटर. त्याला दुहेरी काम असते : स्वतःच्या परिसरातील वापरकर्त्यांचे संदेश पाठवणे आणि शेजारच्या नोडांकडून आलेले, स्वतःशी काहीही संबंध नसलेले संदेश पुढे सरकवणे. या दुसऱ्या कामामुळेच नेटवर्क मेश ठरते. काही मोजके नोड फायबरद्वारे किंवा अन्य मार्गाने इंटरनेटशी जोडलेले असतात. त्यांना गेटवे म्हणतात. उर्वरित सर्व नोड एका किंवा अनेक टप्प्यांनी गेटवेपर्यंत पोहोचतात.

मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था येथे सहज आठवते. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जात मुक्कामी पोहोचतो आणि कोणत्याही एका माणसाला त्याचा संपूर्ण प्रवास करावा लागत नाही. साम्य मात्र एवढ्यावरच संपते. डब्यावरील खुणांनी त्याचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरलेला असतो. मेशमधील पॅकेटचा मार्ग वाटेत, त्या क्षणीच्या परिस्थितीनुसार ठरतो.

जाळीच्या रचनेचा सैद्धांतिक पाया जुना आहे. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासमालेत केंद्रीभूत, विकेंद्रित आणि वितरित अशा तीन रचनांची तुलना केली. दुव्यांची संख्या नोडांच्या संख्येच्या सुमारे तिप्पट असली तर अर्धेअधिक नोड नष्ट होऊनही उरलेल्यांतील बहुतेक परस्परांशी जोडलेले राहू शकतात, हे त्यांनी दाखवले. त्यांच्यासमोर अणुयुद्धाचे भय होते. परंतु निष्कर्ष गणिताचा असल्याने नोड बॉम्बने गेला की पुराने, याने त्यात फरक पडत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने सॅन फ्रान्सिस्को परिसरात रेडिओवर चालणारे पॅकेट नेटवर्क उभारले आणि अनेक टप्प्यांचे बिनतारी संदेशवहन प्रत्यक्षात आणता येते हे सिद्ध झाले. सामान्य संस्थांना ते परवडू लागले ते मात्र वाय-फायचे सुटे भाग स्वस्त झाल्यावरच.

मार्ग कसा ठरतो

नोड सुरू होताच थोड्या थोड्या वेळाने एक छोटा संदेश प्रसारित करतो; ‘मी येथे आहे’ एवढाच त्याचा आशय. जे नोड तो ऐकतात ते त्याची शेजारी म्हणून नोंद करतात. यापुढे दोन पद्धती संभवतात. पहिलीत प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांची यादी इतरांना कळवत राहतो आणि सर्व नोडांकडे संपूर्ण नेटवर्कचा नकाशा सदैव तयार असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेला ओएलएसआर हा नियमसंच या प्रकारचा आहे. दुसऱ्या पद्धतीत नकाशा ठेवला जात नाही. संदेश पाठवण्याची वेळ आली की ‘अमुक नोडकडे जाण्याचा रस्ता कोणाला ठाऊक आहे काय?’ अशी विचारणा सर्वत्र पसरवली जाते आणि आलेल्या उत्तरांवरून मार्ग ठरतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एओडीव्ही या वर्गातील. पहिल्या पद्धतीत संदेश तत्काळ निघतो, परंतु नकाशा ताजा ठेवण्याचा खर्च सतत होतो. दुसरीत खर्च गरजेपुरता, पण आरंभी विलंब. वाय-फायच्या प्रमाणकांत २०११ साली समाविष्ट झालेल्या ८०२.११एस या मेशविषयक भागात दोहोंचा संकर केलेला आहे.

अनेक मार्गांपैकी चांगला कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्यात सर्वांत कमी टप्पे तो मार्ग चांगला, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र कमी टप्प्यांचा मार्ग म्हणजे लांब लांब अंतराचे दुवे, आणि लांब अंतराचे बिनतारी दुवे बहुधा अशक्त असतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २००३ मध्ये यासाठी ईटीएक्स हे मापन सुचवले. एक पॅकेट यशस्वीरीत्या पोहोचण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, हा आकडा म्हणजे ईटीएक्स.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ हा नोड विठ्ठलवाडी स्थानकालगतच्या इमारतीच्या गच्चीवर, ‘क’ उल्हासनगरमधील एका शाळेवर आणि ‘ब’ या दोहोंच्या मधोमध आहे. ‘अ’कडून थेट ‘क’कडे पाठवलेल्या पॅकेटांपैकी ५० टक्के पोहोचतात आणि त्यांची पोच परत येण्याचे प्रमाण ६० टक्के आहे. दोहोंचा गुणाकार ०.३०, म्हणून ईटीएक्स १ भागिले ०.३० म्हणजे सुमारे ३.३३. ‘ब’मार्गे जाताना प्रत्येक टप्प्यावर दोन्ही दिशांचे यश ९० टक्के आहे. गुणाकार ०.८१, एका टप्प्याचा ईटीएक्स १.२३ आणि दोन टप्प्यांचा मिळून सुमारे २.४७. म्हणजे दोन टप्प्यांचा मार्ग एका टप्प्याच्या मार्गापेक्षा सरस ठरतो. आता मधल्या जागी नवी इमारत उभी राहिली आणि ‘ब’कडील यश ९० वरून ५० टक्क्यांवर घसरले, तर त्या एका टप्प्याचाच आकडा ४ होतो. नोडांना हा बदल छोट्या संदेशांच्या गळतीवरून काही सेकंदांत उमगतो आणि ते थेट मार्ग पत्करतात. कोणी अभियंता येऊन बटण दाबत नाही. नेटवर्क स्वतःची दुरुस्ती स्वतः करते असे म्हणतात ते या अर्थाने.

प्रसारणवेळेचा हिशेब

या सोयीची किंमत असते आणि ती विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सहसा आढळत नाही. तारेच्या जोडणीत प्रत्येक दुव्याला स्वतंत्र तार असते. बिनतारी जोडणीत सर्वांचे माध्यम एकच, ते म्हणजे हवा. एका वारंवारतेवर एक नोड बोलत असताना त्याच्या टप्प्यातील इतरांना गप्प राहावे लागते. एकच रेडिओ असलेला नोड एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. त्यामुळे एका टप्प्याला जी वहनक्षमता मिळते ती दोन टप्प्यांत निम्मी आणि तीन टप्प्यांत एकतृतीयांश होते. साखळी त्याहून लांब असल्यास दूरचे नोड एकाच वेळी बोलू शकतात, म्हणून आदर्श स्थितीत ही घट एकचतुर्थांशावर थांबते. प्रत्यक्ष वाय-फाय नियमांनुसार मात्र ती सुमारे एकसप्तमांशापर्यंत जाते, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुपरिचित अभ्यासात आढळले. अदृश्य शेजाऱ्याची अडचण याला कारणीभूत आहे. एका ओळीत उभ्या असलेल्या तीन नोडांपैकी टोकाचे दोघे परस्परांना ऐकू शकत नाहीत. दोघेही मधल्याशी एकदम बोलतात आणि मधल्याला कोणाचेच धड ऐकू येत नाही.

नोड वाढवल्याने क्षमता वाढते, हाही असाच अर्धसत्य समज. गुप्ता व कुमार यांनी २००० साली गणिताने दाखवून दिले की, नोड यदृच्छया पसरलेले असून एकाच माध्यमात परस्परांशी बोलत असतील तर संख्या वाढत जाईल तशी प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत जाते. गेटवे वाढवणे, एकाहून अधिक रेडिओ वापरून वारंवारता वाटून देणे आणि दिशादर्शी अँटेनांनी रेडिओलहरी हव्या त्याच बाजूस रोखणे हे यावरील उपाय होत.

तरीही नुसत्या साध्या सामग्रीनेही बरेच साधते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे उभारलेल्या रूफनेट या प्रायोगिक नेटवर्कमध्ये सुमारे चार चौरस किलोमीटर क्षेत्रात ३७ नोड होते. ते स्वयंसेवकांच्या घरी, जेथे जागा मिळाली तेथे बसवले होते. पूर्वनियोजन जवळपास नव्हते. २००५ मधील अहवालानुसार नोडांमधील सरासरी वहनक्षमता सेकंदाला ६२७ किलोबिट होती. आजच्या वापराला हा वेग अगदीच तोकडा. परंतु ती सामग्री वाय-फायच्या आरंभकाळातील होती. उल्हासनगर शहराचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतल्यास या प्रयोगाचे प्रमाण आपल्या परिचयाचे वाटू लागते.

भारतातील व महाराष्ट्रातील अनुभव

जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरील वापरासाठीही परवान्यातून मुक्त केला. तत्पूर्वी दोन गच्च्यांमध्ये वाय-फायचा दुवा जोडणे हे परवान्याचे प्रकरण होते. निर्णयानंतर महिन्याभरातच हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा येथे आठ संस्थांचे परिसर मेशने जोडले गेले. डोंगराळ प्रदेशात एका उंच मनोऱ्यावरून सर्वांना दिसणे शक्य नसते. वळसा घालून जाणारी मेश तेथे अधिक उपयुक्त ठरली.

महाराष्ट्रातील एक लक्षणीय उदाहरण याच कल्याण–कर्जत लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे घडले, आणि ते विस्मरणात जावे याचे नवल वाटते. २००७ च्या उत्तरार्धात कर्जतनजीकच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. त्या संगणकांतील बिनतारी यंत्रणा तेव्हा मसुद्याच्या अवस्थेत असलेल्या ८०२.११एसवर आधारलेली होती. मुख्य प्रक्रियक झोपला असतानाही ती दुसऱ्याचे पॅकेट पुढे सरकवू शके. मुले संगणक घेऊन घरोघरी गेली की वाडीभर नेटवर्क आपोआप पसरावे, अशी ती कल्पना. जगभरच्या अनुभवातून पुढे एक अडचण स्पष्ट झाली. एकाच वर्गात अनेक संगणक दाटीने आले की ‘मी येथे आहे’ या घोषणांनीच हवा भरून जाई आणि प्रत्यक्ष कामाला जागा उरत नसे. मोठ्या शाळांतून नेहमीचे वाय-फाय प्रवेशबिंदू बसवणे श्रेयस्कर ठरले. विखुरलेली वाडी आणि गच्च भरलेला वर्ग यांना एकच रचना मानवत नाही, हा त्यातील धडा तांत्रिक साहित्यात नोंदला गेला. खैराटचे नाव मात्र त्यात क्वचितच दिसते.

दुसरे उदाहरण पालघरचे. मुंबई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ प्रकल्प हाती घेण्यात आला. फायबर गावाच्या अलीकडे थांबते आणि वाय-फाय इमारतीच्या पलीकडे पोहोचत नाही. या दोहोंमधील अंतर कसे भरावे, हा त्याचा प्रश्न होता. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १५ वाहिन्यांची जागा आहे आणि जवळपास सर्वत्र त्यांतील किमान १२ रिकाम्या आहेत, असे या गटाच्या अभ्यासात दिसून आले. या लहरी झाडीतून व उंचसखल भूभागातून वाय-फायपेक्षा चांगल्या जातात. खामलोली परिसरातील सात गावांत त्यांची चाचणी घेण्यात आली आणि अशा मधल्या टप्प्यासाठी मेश रचनेचा विचार मांडण्यात आला. पुढील विस्तारात परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा वापर करून पालघर जिल्ह्यातील २५ गावांपर्यंत जोडणी नेण्यात आली. २०१७ मध्ये या प्रकल्पास मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले.

आपत्तीतील उपयोगाचे बहुधा सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण न्यू यॉर्कमधील रेड हूक या खाडीकाठच्या वस्तीचे आहे. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळापूर्वीच तेथील सामाजिक संस्थेने लहानसे मेश नेटवर्क उभारले होते. वादळानंतर इतर सेवा कोलमडल्या असता ते चालू राहिले आणि शासकीय आपत्ती यंत्रणेने त्याला उपग्रहाचा दुवा जोडून दिला. नेटवर्क आधीपासून असणे आणि ते चालवणारी माणसे तेथलीच असणे, या दोन गोष्टी तंत्रज्ञानाइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या.

विठ्ठलवाडी ते बदलापूर : पट्टा आणि जाळी

आता मूळ प्रश्न. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतचे अंतर लोहमार्गाने सुमारे १२ किलोमीटर आहे. नकाशावर पाहता ही चारही ठिकाणे एका दोऱ्यात ओवल्यासारखी दिसतात. लोहमार्ग, त्याला साधारण समांतर जाणारा कल्याण–बदलापूर रस्ता आणि वालधुनीचे पात्र यांच्या भोवतीने वस्ती वाढत गेली. नोड घरांवर बसवले तर नोडही अर्थातच या ओळीत येतील. अशी मेश नावाची जाळी, प्रत्यक्षात साखळी असते. दर किलोमीटरला एक नोड धरला तर १२ टप्पे होतात आणि वर सांगितलेला वहनक्षमतेचा ऱ्हास पुरेपूर भोगावा लागतो. शिवाय मधला एक नोड गेला की दोन तुकडे. म्हणजे मेशचा खर्च पूर्ण आणि लाभ शून्य.

उल्हासनगरच्या आतील चित्र नेमके उलट आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्पांत विभागलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक होती. घराला घर आणि दुकानाला दुकान लागून असल्याने प्रत्येक गच्चीला चोहोबाजूंनी शेजारी मिळतात. येथे जाळी खऱ्या अर्थाने विणली जाऊ शकते. अडचण दुसरी आहे : प्रत्येक घरात स्वतःचा वाय-फाय राउटर असल्याने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गलबला असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा बाह्य वापरासाठीही परवानामुक्त झाल्यामुळे त्यातून वाट निघाली आहे. या पट्ट्यातील लहरींना समोरासमोर मोकळी दृष्टी लागते. केवळ सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. एक किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येची जागा शक्य तितकी रिकामी असावी लागते. गच्चीवरील पाण्याच्या टाकीआड लावलेला अँटेना अशक्त का वाटतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे मिळते.

यावरून रचना दुहेरी असावी हे उघड होते. प्रत्येक शहराच्या आत दाट मेश आणि शहराशहरांमध्ये दिशादर्शी अँटेनांचे, दोन ठरावीक ठिकाणांमधील लांब दुवे. पाच टप्प्यांच्या एका साखळीतील प्रत्येक दुवा १०० पैकी ९५ वेळा चालू असतो असे मानल्यास संपूर्ण साखळी चालू असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्केच राहते. तशाच दुसऱ्या साखळीची जोड दिली तर दोहोंपैकी किमान एक चालू असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्क्यांवर जाते. सामग्री दुप्पट झाली. संदेश न पोहोचण्याची शक्यता मात्र जवळजवळ एकपंचमांश झाली. मेशचा लाभ आकड्यांत मांडायचा तर तो हा.

परंतु या गणितात एक गृहीतक दडलेले आहे. दोन्ही साखळ्या परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडतात, असे त्यात मानलेले असते. विठ्ठलवाडी–बदलापूर पट्ट्यात हे गृहीतक सर्वाधिक दुबळे आहे. दोन नोड वेगवेगळ्या गच्च्यांवर असले तरी एकाच वीजवाहिनीवर असू शकतात. दोन गेटवे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी दोहोंचे फायबर एकाच रस्त्याच्या कडेने, एकाच पुलावरून गेलेले असू शकते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व हवाई दल यांना करावी लागली. उल्हास नदी फुगली की रुळांलगतची पट्टीच सर्वप्रथम संकटात सापडते, याचे हे ठळक उदाहरण. त्या पट्टीतून नेलेले दोन मार्ग नकाशावर दोन असले तरी पुराच्या दृष्टीने एकच होत.

म्हणून दुसरी साखळी पट्टीबाहेरून गेली पाहिजे. पूर्वेस मलंगगडाच्या बाजूची उंच जमीन आहे. तेथून विठ्ठलवाडी, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही ठिकाणांकडे दृष्टी मिळण्याची शक्यता अधिक. पश्चिमेची साखळी उल्हासनगरच्या कॅम्प १ कडून, शहाडच्या अंगाने नेता येईल. एक गेटवे कल्याणच्या दिशेला असेल तर दुसरा बदलापूरच्या पलीकडे, भिन्न मार्गाने आलेल्या फायबरवर असावा. उंचावरील जागेची परवानगी, तेथील वीज आणि पावसाळ्यात तेथवर चढून जाण्याची सोय या बाबी तंत्रज्ञानाच्या पुस्तकात नसतात, पण निर्णय बहुधा त्यांवरच अडतो.

विजेचा प्रश्न त्या मानाने सुटण्याजोगा आहे. गच्चीवरील नोडला साधारण ८ वॅट शक्ती लागते असे धरू. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ४८० वॅट-तास ऊर्जा साठते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हा नियम पाळला तरी नोड ३० तास चालतो. २००५ सारख्या प्रसंगी पहिली रात्र आणि दुसरा दिवस त्यात निघू शकतात. त्यापुढे सौर पटल. मात्र जुलैच्या अखेरीस आठवडाभर ढगाळलेल्या आकाशाखाली त्यावर किती विसंबावे, याचा हिशेब जूनमधील उन्हावरून करू नये.

इंटरनेटचा वेग आवश्यक नसून केवळ ‘पाणी वाढत आहे’, ‘सुखरूप आहोत’ एवढेच कळवायचे असेल, तर आणखी साधा पर्याय उपलब्ध आहे. लोरा या पद्धतीचे छोटे संच भारतात परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्यांचा वेग अत्यल्प, परंतु मोकळ्या जागेत टप्पा काही किलोमीटरचा आणि विजेची गरज नगण्य. मेशटॅस्टिक या मुक्त आज्ञावलीने असे संच मेशमध्ये जोडता येतात. त्यात मार्गनिवडीचा खटाटोप बहुतांशी टाळलेला आहे; प्रत्येक नोड ऐकलेला संदेश पुन्हा प्रसारित करतो आणि ठरावीक टप्प्यांनंतर (एरवी तीन) संदेश विरतो. मोठ्या वाहतुकीला ही पद्धत निरुपयोगी आहे. नदीकाठच्या एखाद्या शाळेतून उंचावरील महाविद्यालयाकडे चार शब्द पोहोचवण्यास मात्र ती पुरेशी आहे, आणि बारा किलोमीटरच्या पट्ट्याला तीन टप्पे कोठे पडतील याचा अभ्यास पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात सहज करता येण्यासारखा आहे.

देखभाल व चाचणी

मेशमधील दोष लपून राहतात, ही तिची एक विचित्र खोड. झाडासारख्या रचनेत दुवा तुटला की तक्रार तत्काळ येते. मेशमध्ये वाहतूक निमूटपणे दुसरीकडे वळते; वापरकर्त्याला वेग थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, एवढेच. असे दोन-तीन दुवे कोणाच्या नकळत गेले की जाळीची साखळी झालेली असते आणि ते समजते पहिल्या मोठ्या पावसात. म्हणून नोडांची स्थिती दर्शवणारा नकाशा एका ठिकाणी दिसत राहणे आणि तो रोज पाहणारी व्यक्ती नेमलेली असणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांना येथे विशेष स्थान आहे. इमारत स्वतःची असते, प्रयोगशाळेत माणसे असतात आणि दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. तोच दुबळेपणाही आहे, कारण ज्याने नोड बसवला तो विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो आणि त्याच्यासोबत परवलीचे शब्दही जातात. अँटेनाची दिशा, नोडचा क्रमांक, कोणत्या वीजवाहिनीवर तो आहे आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते, या नोंदी कागदी वहीत ठेवणे आजही गैर नाही.

चाचणीचा योग्य काळ मे महिन्याचा उत्तरार्ध. विद्यापीठाच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि पाऊस यायचा असतो. एका सकाळी पट्टीतील एका वीजवाहिनीवरचे सर्व नोड मुद्दाम एकदम बंद करावेत, एकेक करून नव्हे, आणि विठ्ठलवाडीहून पाठवलेला संदेश बदलापूरला कोणत्या मार्गाने व किती वेळात पोहोचतो ते नोंदवावे. तो पोहोचला नाही, तर दुसरी साखळी कोठे पहिलीतच मिसळली आहे हे पावसाआधी शोधण्यास दोन आठवडे हाती राहतात.